नावाड्यानं न विचारलेलं

चाळिशी गाठलेला, टाळू दिसायला लागलेला बाप्या माणूस आईच्या प्रत्येक बोलण्याला नुसतं ‘हं’ म्हणतो, ही कुठली रीत? चहा टाकू का, हं. खिडकी लावून घे, हं. आज पायाला मुंग्या आल्या होत्या, हं. एकदा तिनं मुद्दाम हाक मारून सांगितलं, अरे, स्वयंपाकघरात हत्ती शिरलाय. त्यालाही आतून ‘हं’ आला, आणि बऱ्याच वेळानं, ‘बसू दे त्याला.’ आता हे चेष्टेनं म्हणाला की ऐकलंच नव्हतं, हे काही तिला कळलं नाही, आणि ते न कळणंच जास्त झोंबलं. ज्या बाईनं धुलाईच्या कारखान्यात उभा जन्म काढला, कपडे घुसळणारी भलीमोठी पिंपं घरघरत असताना जिच्या एका हाकेनं शेवटच्या टेबलावरची बाई दचकून मान वर करायची, तिच्या आवाजाला पोटचा पोरगा ‘हं’ देतो. तिला सगळे मुकादमीण म्हणत. तिथल्या बाया म्हणत, गाडीवाले म्हणत, पुढे पुढे नवरा होता तोवर तोही कौतुकानं म्हणायचा. आता मुकादमी कशावर करायची? चौथ्या मजल्यावरच्या तीन खोल्या, एक वॉकर, आणि सूनबाई सकाळी कामाला जाताना उशाशी ठेवून जाते ती पाण्याची बाटली. कंबरेचं हाड सांधलंय असं डॉक्टर म्हणतात. पण खाली जायचं तर लिफ्ट लागते, आणि लिफ्ट इतकी चिंचोळी की माणूस आत शिरला तर वॉकर बाहेर राहतो आणि वॉकर आत घातला तर माणूस. म्हणजे वॉकर उचलून जिन्यानं न्यायला दुसरं कोणी हवं. ते दुसरं कोणी म्हणजे हा, आणि हा म्हणतो ‘हं’.

म्हणून त्या दुपारी तो आपणहून तिच्या दारात येऊन उभा राहिला तेव्हा तिला आधी वाटलं, कोणीतरी गेलं असावं. ‘आई, जरा माझ्या खोलीत येऊन बसतेस? मला एक माणूस पाहिजे, ज्याला यातलं काही म्हणजे काही येत नाही.’ ‘मग बरोबर दारात आलास,’ ती म्हणाली. तो हसला. हसला की अजून त्याच्या गालाला खळी पडते, हे ती विसरून गेली होती. तो खेळ बनवतो हे तिला माहीत होतं, म्हणजे लोकांना ‘पोरगा कॉम्प्युटरवर असतो’ असं सांगण्याइतपत माहीत होतं. कसला खेळ, कोण खेळतं, हे तिनं विचारलं नव्हतं आणि त्यानं सांगितलं नव्हतं. त्याच्या खोलीत कायम पडदे ओढलेले, कॉम्प्युटरचे दोन मोठे पडदे उजळलेले, आणि अंथरुणाला महिनाभर हवा न लागल्यासारखा एक कोंदट वास. चादरी कोणी धुतल्यात आणि कशा, हे तिला वासावरून कळतं. ती काही बोलली नाही. त्यानं तिला हातांच्या खुर्चीत बसवलं, पाठीशी उशी दिली, आणि तिच्या हातात ते बटणांचं खेळणं ठेवलं. तिचे अंगठे इतके जाड की एका दाबात दोन बटणं. ‘हळू,’ तो म्हणाला, ‘घाई नाही. आधी तुझं माणूस घडव.’

पडद्यावर एकामागून एक माणसं येऊन उभी राहायला लागली आणि जागच्या जागी गिरकी घ्यायला लागली, लग्नाच्या बाजारात दाखवायला आणल्यासारखी. त्याच्या त्या जगात चार जमाती होत्या. पानांचे, ते उंच, शेलाटे, कान लांब. ‘ही उपाशी दिसते, पुढे सरक.’ नदीकाठचे, सावळे, डोळे पाणीदार, गळ्यात शिंपले. राखेचे, त्यांच्या अंगातून सारखा धूर. ‘यांच्या घरी कपडे कोण धुणार?’ आणि मग आली दगडी बाई. बुटकी, रुंद खांद्यांची, करडी, गालावर भेग आणि भेगेत हिरवं शेवाळ. हात असे की पिळलेली ओली चादर एका झटक्यात उलगडावी. मुकादमीण तिच्याकडे बघतच राहिली. ‘ही दे. हिच्या हाताला काम माहीत आहे.’ ‘नक्की? दगडी कोणी घेत नाही, आई. शंभरातले दोघं-तिघं घेतात.’ ‘मग बाकीच्यांना डोळे नाहीत,’ ती म्हणाली, आणि नाकावरचा चष्मा बोटानं वर सरकवला. तो हाताचा चाळा तिला नवीन होता. जुना चष्मा असा घसरत नसे. हा, ती पडल्यानंतर, दुरुस्त होऊन आलेला, काचा नव्या, एक काडी नवी, आणि नाकावर कसा तो बसवलाच न गेलेला.

लिहिणं-वाचणं तिचं यथातथाच. शाळेत चौकटीतली अक्षरं गिरवण्यापर्यंत गेली, पुढे धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी. अक्षराला अक्षर लावून ती वाचते, पण ओठ हलवल्याशिवाय आणि आवाज काढल्याशिवाय तिला वाचता येत नाही. म्हणून त्या खेळातली माणसं जे काही बोलायची ते तिच्याच तोंडून निघायचं. पडद्यावर नुसती अक्षरं उमटायची, आणि आवाज तिचा. पोरगा कानाला हेडफोनची बोंडं लावून दुसऱ्या पडद्याशी बसलेला असायचा, त्यामुळे कोणी ऐकत नव्हतं. पहिले काही दिवस ती नुसती हिंडली. लांडगे मारायचे होते, ते तिनं मारले नाहीत. लांडग्यांनी तिचं काय घोडं मारलं होतं? खजिना शोधायचा होता, तो शोधला नाही. चालत राहिली, चालता येतंय म्हणून. ती दगडी बाई चढ चढायची, उतार उतरायची, पायऱ्या तर अशा उतरायची की बघणारीच्या कंबरेत कळ यावी. आणि असंच चालता चालता एका दुपारी, म्हणजे त्या जगातल्या दुपारी, ती नदीच्या धक्क्यावर पोचली. तिथं एक म्हातारा नावाडी होडी पालथी घालून तिच्या बुडाला डांबर फासत बसला होता. त्यानं वर बघितलं. अक्षरं उमटली. ‘ब-सा,’ तिनं वाचलं. ‘बसा. वारा पडला की निघू.’

आता कोणी कोणाला बसा म्हणण्यात एवढं काय आहे? काही नाही. पण तिच्या छातीत कुठंतरी, घडी घालताना चादरीच्या आतून हवा निघून जावी तसं काहीतरी झालं. कारण ‘बसा’ हा शब्द तिला शेवटचा कोणी म्हटला होता ते तिला पक्कं ठाऊक होतं. खाली, याच इमारतीच्या तळमजल्याला, चष्मेवाल्याचं दुकान. दारातून आत दोन पावलांची जागा, एक उंच स्टूल, घासायच्या चाकाचा बारीक कर्र आवाज आणि काचेच्या पुडीचा ओलसर वास. ती पहिल्यांदा गेली तेव्हा त्यानं भिंतीवरच्या अक्षरांकडे बोट दाखवलं. तिनं मोठं अक्षर सांगितलं, दुसरं सांगितलं, तिसऱ्याला अडकली. डोळ्यांनी नव्हे, शाळेनं. त्यानं काही विचारलं नाही. खणातून सुईदोरा काढून तिच्या हातात दिला आणि म्हणाला, ‘यातून ओवून दाखवा. अक्षरांचं काय, ती आपली मूळचीच वाकडी.’ त्या दिवसापासून ती कधी काडी सैल झाली म्हणून, कधी काच पुसायची म्हणून, कधी काहीच झालं नाही म्हणून जात राहिली. तो काचेवर तोंडाची वाफ सोडायचा आणि आपल्या मऊ फडक्यानं पुसायचा, मग चष्मा तिच्या कानामागे दोन्ही हातांनी अलगद बसवायचा आणि मागे सरून बघायचा, चित्र सरळ टांगलंय का बघावं तसा. कोणी घाईचं गिऱ्हाईक ‘ठेवून जातो, संध्याकाळी नेतो’ म्हणालं की त्याचं ठरलेलं उत्तर होतं, ‘चष्मा नाकावर बसवतात हो, टेबलावर नाही. नाक घेऊन या.’ ती त्याला म्हणायची, ‘तुमचं दुकान चालतं कसं, लोकांना असं टाकून बोलता ते?’ तो म्हणायचा, ‘मुकादमीणबाई, तुम्ही येता ना, मग चालतंच की.’ आणि दोघंही दुसरीकडे बघायचे. तो पुलापलीकडचा. पुलापलीकडच्यांना मुलगी द्यायची नाही, त्यांची आणायची नाही, हे तिला कळायला लागल्यापासून माहीत होतं. का, ते कोणी सांगितलं नव्हतं आणि तिनंही कोणाला विचारलं नव्हतं. जेवायच्या आधी हात धुवावेत तसं ते होतं. पण चष्म्याच्या दुकानात बसायला कोणाची ना असणार? बसण्याला नाव नसतं.

मग ती रोज धक्क्यावर जायला लागली. जेवण झालं, सुनेनं डब्यात ठेवलेलं गरम करून दोघांनी खाल्लं, की ती वॉकर टेकत त्याच्या खोलीत. ‘आज काम नाही का देत मला?’ पोरगा खूश होता. त्याला वाटायचं, आई खेळात रमली. नावाडी बोलायचा मोजकंच. पाण्याचा आवाज ऐकून त्याला खोली कळायची. त्याची पहिली होडी बुडाली तेव्हा त्याला तिच्यासाठी रडायचं होतं पण रडला नव्हता, ते राहूनच गेलं म्हणायचा. आणि तो विचारायचा. ‘तुमच्या डोंगरात रात्री आवाज येतो का?’ खाली तीन उत्तरं उमटायची, त्यातलं एक निवडायचं. ती तिन्ही मोठ्यांदा वाचायची, बोट पडद्यावर ठेवून, आणि मग बराच वेळ विचार करायची, जणू कारखान्यात नवी बाई कामावर घ्यायची आहे. नावाड्याच्या नावाशेजारी एक इवला दिवा होता. चांगलं उत्तर दिलं की त्याची ज्योत वाढायची. तिला कोणी समजावून सांगितलं नव्हतं, पण न सांगता कळण्यासारखंच होतं ते. माणूस खुलला की तोंडावर दिसतं, इथं दिव्यात दिसत होतं, एवढाच फरक. दिवा पाव झाला, पावाचा अर्धा झाला. एका दुपारी नावाड्यानं तिला होडीत घेऊन नदीच्या मधोमध नेलं, वल्हं आत ओढलं आणि नुसतं बसून राहिले दोघं, करडी बाई आणि तो, आणि पडद्यावर पाणी हललं. मुकादमिणीनं खुर्चीच्या हाताला घट्ट धरलं. तिला वाटलं, आता. आता काहीतरी बोलेल. अक्षरं उमटली. ‘ऊ-न. ऊन कललं. आता आपापल्या वाटेनं जाऊ या.’

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. होडी मधोमध, पाणी हललं, ऊन कललं, आपापल्या वाटेनं. दिवा अर्ध्यावर जो थांबला तो थांबला. तिला आधी वाटलं, आपलं उत्तर चुकलं. मग तिनं दुसरी उत्तरं देऊन बघितली, मग तिसरी. मग तिला वाटलं, आपण रिकाम्या हातानं जातो हे बरं दिसत नाही. तिनं आयुष्यात कधी कोणाच्या पुढेपुढे केलं नव्हतं, कारखान्याच्या मालकाच्या सुद्धा नाही. पण ती त्या जगात वणवण हिंडून नावाड्यासाठी दोरखंड घेऊन आली, मासे घेऊन आली, कंदील घेऊन आली, कुठल्याशा गुहेतून डांबराचा डबा आणला आणि त्यासाठी शेवटी एक लांडगाही मारला. नावाडी प्रत्येक वेळी म्हणायचा, ‘तुमचे उपकार झाले.’ आणि ऊन कलायचं. रात्री अंथरुणावर पडलं की तिला त्या दगडी बाईचा चेहरा आठवायचा, भेग, शेवाळ, ते जाड मनगट. ती स्वतःच्या मनगटावरून हात फिरवायची. वाफेनं आणि सोड्यानं राठ झालेली कातडी. वाटायचं, तोंड कसंही असो, पण आपलं बोलणंच असेल तसं. धारेचं. नवरा म्हणायचा, तुझ्या जिभेवर तापलेली इस्त्री ठेव, जीभ गार होईल. आणि मग तिच्या मनात ती दुसरी गोष्ट यायची. रोज यायची, पण मुकादमीण तिला बसा म्हणायची नाही. चष्मेवाला का आला नाही? ती पडली ती त्याच्याच दुकानाच्या पायरीवर. त्या दिवशी निघताना तो मागून म्हणाला, ‘मुकादमीणबाई, पुढच्या वेळी याल तेव्हा तुम्हाला एक विचारायचंय.’ आणि तिनं मान वळवली. एवढंच. पाऊल पायरीवर पडायचं ते हवेत पडलं. हाड मोडल्याचा आवाज तिनं आधी ऐकला आणि मग तिला दुखलं. डोक्याखाली त्याचा तळवा होता, फरशी लागू नये म्हणून त्यानं तो घातला होता, आणि गालाखाली तिच्याच चष्म्याचा चुरा. तो काहीतरी बोलत होता, पण त्याचे ओठच फक्त धूसर हलताना दिसत होते. पुढे दवाखाना, पुढे हे घरात अडकून पडणं, आणि मग एक दिवस पोरगा दुरुस्त झालेला चष्मा कागदात गुंडाळून घेऊन आला आणि टेबलावर ठेवला. टेबलावर. ती वाट बघत राहिली. तो वर येईल. नाक घेऊन खाली जाता येत नाही, तर नाकाकडे येईल. एवढं साधं त्याला कळू नये? मग वाट बघण्याचं जे होतं तेच झालं. वाट बघणं संपत नाही, त्याच्यावर हळूहळू धूळ बसते आणि खाली दिसेनासं होतं. आपलंच काहीतरी चुकलं असेल, ती स्वतःला म्हणायची. दुकानात जरा जास्तच बसलो. म्हातारपणी पोरीसारखी मान वळवली. जे विचारायचं होतं ते आपण पडल्याबरोबर त्याला नको झालं असेल. मोडकं माणूस कोण कशाला घेईल?

त्या दिवशी सून लवकर घरी आली होती. ती आत चप्पल काढत होती, आणि पोरगा कानातली बोंडं काढून मुकादमिणीच्या पडद्याशी येऊन उभा राहिला. ‘आई, तू हे काय चालवलंयस? हा एवढा दोरखंड कशाला जमवलास?’ ‘त्याला लागतो.’ ‘कोणाला?’ तिनं हनुवटीनं दाखवलं. नावाडी डांबर फासत होता. पोरानं दिव्याकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि त्याला हसू फुटलं. वाईट हसू नव्हतं ते, लहान मूल उलटी चप्पल घालून आलं की हसू येतं तसलं. ‘अगं, तो दिवा पुढे जातच नाही. दगडींसाठी तो बंदच आहे.’ ‘बंद म्हणजे?’ ‘म्हणजे मैत्री होते. त्याच्या पुढचं नाही होत. नदीकाठचे आणि दगडी यांचं जमत नाही, त्यांची जुनी लढाई आहे, त्याचा बाप तुमच्या धरणात बुडाला. मी पानंच्या पानं लिहिलीत त्यावर.’ ‘मग इतके दिवस बसा-बसा करत होता तो?’ ‘ते चालतं.’ ‘आणि हे सांगितलं कुठंय? धक्क्यावर पाटी आहे?’ ‘पाटी कशी लावणार, आई? मजा जाते सगळी. सगळ्यांना सगळं मिळालं तर जमातींना अर्थ काय उरला? मग नुसते मुखवटे. माणसानं एक निवडलं की दुसरं सुटतं, त्यातच खरी गंमत. खेळणाऱ्यानं ते हळूहळू शोधून काढायचं.’ ‘काय शोधून काढायचं?’ मुकादमीण म्हणाली. ‘आपण नको आहोत, हे?’

तो तिच्या खुर्चीशी वाकला. मग म्हणाला, ‘तू मनाला लावून घेऊ नकोस गं. हा काही तुला नाही म्हणत नाहीये.’ ‘मग कोण म्हणतंय?’ ‘कोणी नाही. म्हणजे मी. मी लिहीन तेच तो बोलणार ना?’ आणि मग, आपल्या कारागिरीची लाज राखायला म्हणून की तिचं मन वळवायला म्हणून, त्यानं पटापट बटणं दाबली. ‘हे बघ, चालतं की नाही बघ.’ धक्का तोच, ऊन तेच, फक्त करड्या बाईच्या जागी नदीकाठची एक तरुण मुलगी, गळ्यात शिंपले, पाणीदार डोळे. हातात दोरखंड नाही की मासा नाही. दिवा पहिल्यापासूनच काठोकाठ भरलेला. होडी मधोमध गेली, वल्हं आत आलं, पाणी हललं. ऊन कललं नाही. अक्षरं उमटली, आणि वाचल्याशिवाय मुकादमिणीला राहवेना, आणि आवाज काढल्याशिवाय तिला वाचता येईना. ‘ज-न्म-भर. जन्मभर लोकांना पलीकडे सोडलं. कधी कोणाबरोबर उतरलो नाही. तुमच्याबरोबर उतरू?’ तिच्याच तोंडून ते निघालं आणि त्या कोंदट खोलीत तसंच लटकून राहिलं. दुसरीला विचारलेलं, आणि तिनं वाचलेलं. म्हणजे प्रश्न होता. सगळा वेळ तो तिथंच होता, तयार, लिहून ठेवलेला, नावाड्याच्या घशात. तिचं उत्तर चुकलं नव्हतं. तिचा दोरखंड कमी पडला नव्हता. तिच्या जिभेचा दोष नव्हता, मनगटाचा नव्हता, मान वळवण्याचा नव्हता.

मान वळवण्याचा नव्हता. हे मनात आलं आणि तिचा हात चष्म्याकडे गेला, आणि तिथंच थांबला. नवी काडी, नव्या काचा, नाकावरून घसरणारा, टेबलावर ठेवलेला. ‘हा चष्मा तू आणलास,’ ती म्हणाली. ‘हं.’ ‘आणायला गेलास तेव्हा तो काय म्हणाला?’ ‘कोण?’ ‘नावाडी,’ ती म्हणाली. पोरानं बटणं खाली ठेवली. ‘काही नाही. तुझी चौकशी केली.’ ‘मग तू काय म्हणालास?’ दाराशी सून उभी होती, एक चप्पल हातात. तीच बोलली, अगदी खालच्या आवाजात. ‘मी तेव्हाच म्हटलं होतं, आईंना सांग म्हणून.’ ‘तू मध्ये पडू नकोस,’ तो म्हणाला, पण त्या म्हणण्यात जोर नव्हता. मग तो बोलायला लागला, खूप बोलायला लागला, एवढं तो वर्षभरात बोलला नव्हता. मी त्यांना म्हटलं, आईला आराम पाहिजे, वर येऊ नका. तुझ्या भल्यासाठीच म्हटलं. पडलीस कुठं, त्यांच्याच पायरीवर ना? आणि ते पुलापलीकडचे, आई. तुझं वय काय, लोक जिन्यात मला थांबवून विचारतात, आई खाली काय करते म्हणून. मी काय सांगायचं? मी काय वाईट बोललो नाही त्यांना, नीट बोललो. ‘आला होता का तो?’ मुकादमिणीनं विचारलं. पोरगा पडद्याकडे वळला. ‘आला होता का रे दारापर्यंत?’ ‘हं,’ तो म्हणाला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या ‘हं’ला वजन होतं. ‘दोनदा,’ सून म्हणाली.

तिला वाटलं होतं, आपण संतापू. संताप आला नाही. खोलीच्या भिंती फक्त चार बोटं आत आल्यासारख्या वाटल्या. दोनदा तो चार जिने चढून आला असेल, लिफ्टनं तो कधी जात नसे, म्हणायचा, त्या डबीत मला चष्म्यासारखं वाटतं. दाराच्या अलीकडे ती होती, वॉकरला धरून, आपलं काय चुकलं ते शोधत, आणि पलीकडे तो, बहुधा तेच शोधत. मध्ये हा, तिच्याच पोटचा, दोघांना दोन वेगळ्या खोल्यांत बसवून आपण बोंडं कानात घालून बसलेला. कारखान्यात तिनंही जन्मभर गठ्ठेच वेगळे केले होते. ह्या हॉटेलच्या चादरी इकडे, त्या दवाखान्याच्या तिकडे, एकमेकांत एक रुमाल मिसळू दिला नाही कधी, आणि मिसळणारीला अशी सोलून काढायची की बाई चार दिवस मान खाली घालून फिरे. वेगळं ठेवण्यात पाप आहे असं तिला त्या घटकेलाही वाटलं नाही. पण चादरीच्या कोपऱ्याला रंगीत दोऱ्याची खूण असायची. कोणाची, कुठं जायची, ते चादर स्वतःच्या अंगावर घेऊन फिरायची, आंधळ्यानंही बोटानं चाचपून ओळखावं अशी. कुठल्याच चादरीला तिनं कधी रोज मासे आणायला लावले नव्हते.

पडद्यावर होडी अजून मधोमध थांबली होती. शिंपल्यांची मुलगी उत्तर निवडायची वाट बघत होती, तीन उत्तरं खाली लुकलुकत होती. मुकादमिणीनं चष्मा काढला. मुलगी, होडी, दिवा, पोरगा, सून, सगळं एकदम ओल्या कपड्यांच्या ढिगासारखं धूसर झालं. तिनं नवी काडी दोन बोटांत धरली, जाड अंगठा सांध्यावर ठेवला आणि वाकवली. कट्कन आवाज झाला. ‘आई! अगं, काय करतेस हे!’ तिनं हात पुढे केला, तो जिथं उभा असेल असं वाटलं तिकडे. धूसरातून त्याचा हात आला आणि चष्मा त्याच्या तळव्यावर पडला. लहानपणी पडलेला दात तो असाच तिच्या तळव्यावर आणून ठेवायचा, तोंड एवढंसं करून. त्याच्या तोंडावर आता काय आहे ते तिला दिसत नव्हतं, आणि दिसत नव्हतं तेच बरं होतं. ‘आता मला दिसत नाही,’ ती म्हणाली, आवाज न चढवता, पिंपं थांबल्यावर जो आवाज पुरतो त्या आवाजात. ‘खाली जा. त्याला सांग, काडी मोडली. तो म्हणेल, चष्मा नाकावर बसवतात, टेबलावर नाही. मग त्याला म्हणावं, नाक चौथ्या मजल्यावर आहे, मोडकं आहे आणि वाट बघतंय. यायचं की नाही ते तो ठरवेल.’

‘आई, ऐक ना—’

‘आता तू ऐक. आणि हं म्हणायचं नाही. घर तुझं आहे, खेळ तुझा आहे, भिंती घाल की हव्या तेवढ्या, माझी ना नाही. पण तू भिंत घालतोस आणि तिच्यावर नदी रंगवून ठेवतोस. मग माणूस बिचारं काठावर बसतं होडीची वाट बघत, आणि होडी येत नाही म्हणून स्वतःलाच शिव्या घालतं. नको म्हणायचं असेल तर तो म्हणेल, माझ्या तोंडावर म्हणेल. मी त्याहून कडू गिळलंय. पण दुसऱ्याच्या तोंडानं नाही म्हणणारा माणूस, मग तो माझ्या पोटचा का असेना, मी त्याला शहाणा म्हणणार नाही आणि वाईटही म्हणणार नाही. तू भित्रा आहेस, राजा.’